वादी रम : जीपमधून अर्धा दिवस पुरतो का, की मुक्कामच करावा?

प्राजक्ता_म

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या सुरुवातीला जॉर्डनला जातोय. अम्मान, मग पेट्रा आणि शेवटी अकाबा असा मार्ग ठरलाय. पेट्राहून अकाबाला उतरताना वादी रमचं वाळवंट जवळपास वाटेवरच येतं, त्यामुळे ते गाळायचा प्रश्नच नाही. घोडं अडलंय ते वेळेवर.

वाटाड्यांचे पर्याय बघितले तर मुख्यतः तीन दिसतात. दोन तासांची जीपफेरी, चार-पाच तासांची जीपफेरी आणि दिवसभर फिरून रात्री वाळवंटातल्या तंबूत मुक्काम. नवऱ्याचं म्हणणं, "खडकच बघायचेत ना, दोन तास खूप झाले." मला तसं वाटत नाही, पण त्याला पटवायला माझ्याकडे मुद्दे नाहीत.

सोबत सासूबाई आहेत, वय सत्तर, गुडघे कुरकुरतात. मुलगा अकरा वर्षांचा, त्याला जे दिसेल त्यावर चढायचं असतं. आम्ही सगळे शाकाहारी. ज्यांनी हा भाग पाहिलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. घळींमध्ये चालणं कितपत अवघड आहे, तेही सांगा.

---

उंटावरचा_शहाणा

मुक्काम करा. कारणं बाकीचे लिहितीलच.

---

सांजवेळ

सल्ला उंटावरून आलाय, तरी अनुमोदन :)

---

रानवारा

प्राजक्ता, दोन तासांत काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे निर्णय सोपा जाईल.

अभ्यागत केंद्रावर तिकीट घ्यायचं, माणशी ५ दिनार. तिथून रम गाव सात-एक किलोमीटर आत. गावातून जीप सुटते. जीप म्हणजे बहुतेक वेळा जुनी टोयोटा पिकअप, मागच्या हौद्यात दोन्ही बाजूंना बाकं आणि वर कापडाचं छत. दोन तासांच्या फेरीत गावाजवळचा झरा, लाल वाळूचा मोठा उतार आणि फार तर खझाली घळ, एवढंच बसतं. उतरा, फोटो काढा, चढा. खझालीत पोचेपर्यंत परतायची वेळ झालेली असते.

आणि खझालीत घाई करणं हा त्या जागेवर अन्याय आहे. डोंगराला वरपासून खालपर्यंत उभी चीर पडलीय, तीच घळ. तोंडाशी दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतील इतपत रुंदी, आत गेलं की आणखी अरुंद. भिंतींवर माणसांच्या आकृत्या, पावलांचे ठसे, रानबकरे आणि थमुदी या अरबस्तानातल्या प्राचीन लिपीतल्या ओळी कोरलेल्या आहेत. पहिल्या नजरेला काही दिसत नाही. डोळे सावलीला सरावले की एकेक आकृती वर येऊ लागते. त्या सरावण्यालाच दहा-पंधरा मिनिटं जातात.

त्यामुळे मुक्काम नाही जमला तरी चालेल, पण चार-पाच तासांच्या खाली येऊ नकोस. तेही दुपारी दोनच्या सुमाराला सुरू होणारे. सकाळी अकराला निघालात तर डोक्यावर ऊन आणि खडकांचा रंग सपाट. दुपारनंतर सावल्या लांबायला लागल्या की एकाच कड्याचे चार रंग दिसतात.

---

खडकवेडा

"खडकच बघायचेत ना" हे वाक्य वाचून राहवलं नाही. प्राजक्ताताई, तुमच्या मिस्टरांसाठी खास लिहितोय.

वादी रममध्ये खडकांचे मुख्य दोन मजले आहेत. खाली ग्रॅनाइट, वर वालुकाश्म. ग्रॅनाइट कँब्रियनपूर्व काळातला, त्यावरचा वालुकाश्म कँब्रियन आणि ऑर्डोव्हिशियन, म्हणजे ढोबळमानाने पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा. दोन्हींच्या मधली रेघ कित्येक डोंगरांवर अगदी आडवी, स्पष्ट दिसते. ती रेघ शोधायला मुलाला सांगा, अर्धा प्रवास त्यातच रंगेल.

या रेघेला फार मोठा अर्थ आहे. वालुकाश्म सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी त्यातून खाली झिरपतं. खालचा ग्रॅनाइट पाण्याला वाट देत नाही, म्हणून ते पाणी रेघेवरून आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. रमचे जुने झरे याच पातळीवर आहेत. म्हणून ते जमिनीवर नसून उतारावर, थोडे उंचावर सापडतात. झऱ्याखाली दूरवरून एक हिरवा पट्टा दिसतो, तो अंजीर आणि पुदिन्याचा.

वालुकाश्मातही दोन प्रकार ठळक दिसतात. खालचा लालसर-तपकिरी, उभ्या कड्यांचा. त्याचं नाव उम्म इश्रिन. त्याच्या वर पांढुरका, घुमटासारखा गोलसर झालेला, तो दीसी. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. उभ्या कड्यांवर मधाच्या पोळ्यासारखी भोकं-भोकं दिसतात, काही ठिकाणी वितळून ओघळल्यासारखे पडदे दिसतात. वाऱ्याने कोरलं असं सरसकट सांगतात, पण वाऱ्याइतकंच काम मिठाचं आणि ओलाव्याचं आहे. खडकात शिरलेलं पाणी वाळतं, मीठ स्फटिकाच्या रूपात मागे राहतं, स्फटिक वाढताना वाळूचे कण सुटे करतं. एकदा खळगा तयार झाला की त्यात सावली, म्हणून ओलावा जास्त टिकतो, म्हणून खळगा आणखी खोल होतो.

आणि घळी? त्या मुळात भेगा आहेत. लाल समुद्राच्या बाजूचं भूकवच फाटताना या सगळ्या प्रदेशाला तडे गेले. पाण्याने तेच तडे रुंद केले. वरून पाहिलंत तर दऱ्या आणि घळी बऱ्याच अंशी सरळ रेषेत आखल्यासारख्या दिसतात, त्याचं कारण हे.

---

सांजवेळ

खडकवेडा, सुंदर प्रतिसाद. ती रेघ मी डोळ्यांनी पाहिलीय, पण झऱ्यांशी तिचा संबंध आज कळला.

---

समीर_के

मी वेगळं मत मांडतो. मुक्काम सगळ्यांसाठी नसतो. आमच्या तंबूच्या वस्तीत रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धकावर गाणी चालू होती, मधोमध पिवळे दिवे, शेजारी आणखी एक वस्ती, तिचे वेगळे दिवे. शांतता आणि तारे यांची जाहिरात वाचून गेलो होतो. त्यापेक्षा दुपारी फिरून सूर्यास्त बघून अकाब्याला गेलेलं बरं. तासाभराचा रस्ता आहे, गरम पाण्याने अंघोळ आणि सासूबाईंना नीट पलंग. सत्तर वर्षांच्या माणसाला रात्री थंडीत तंबूबाहेर प्रसाधनगृहापर्यंत चालायला लावणं मला तरी योग्य वाटत नाही.

---

निळावंती

समीरदादा, तुमचा अनुभव खरा असणारच, पण तो वस्तीच्या निवडीचा प्रश्न आहे, मुक्कामाचा नाही.

वस्त्या दोन तऱ्हेच्या आहेत. दीसी गावाच्या बाजूला, रस्त्यापासून जवळ, मोठ्या वस्त्या एकमेकींना खेटून आहेत. पारदर्शक घुमटांचे, वातानुकूलित तंबूही तिकडे बरेच. दुसऱ्या तऱ्हेच्या वस्त्या संरक्षित क्षेत्राच्या आत, रम गावातल्या कुटुंबांच्या, पाच-दहा तंबूंच्या, एखाद्या कड्याच्या पोटात. तिथे जेवणं झाली की दिवे मालवतात. नोंदणी करताना सरळ तीन गोष्टी विचारायच्या : किती तंबू आहेत, रात्री दिवे किती वाजता बंद होतात, शेजारची वस्ती किती लांब आहे. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल तिथे जायचं नाही.

प्रसाधनगृहाचा मुद्दा मात्र रास्त आहे. हल्ली बऱ्याच वस्त्यांत तंबूला जोडून न्हाणीघर मिळतं, दर थोडा जास्त असतो. प्राजक्ता, सासूबाईंसाठी तेवढं नक्की घे. आणि थंडीचं समीरदादा म्हणतात ते खरंच आहे. दरीचा तळच समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरच्या आसपास आहे, नोव्हेंबरात रात्री चांगला गारठा पडतो. जाड पांघरुणं मिळतात, तरी कानटोपी आणि पायमोजे सोबत हवेत.

---

प्राजक्ता_म

सगळ्यांचे मनापासून आभार. रेघेचा परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखवला. दोन तासांवरून चार तासांवर आलाय :)

निळावंती, जेवणाचं काय गं? त्या वाळूत पुरून शिजवलेल्या जेवणाबद्दल वाचलं, पण ते मांसाहारीच असतं ना?

---

निळावंती

त्याला झर्ब म्हणतात. वाळूत खड्डा, त्यात निखारे, वर दोन-तीन मजल्यांची लोखंडी जाळी. जाळीवर कोंबडी किंवा बोकडाचं मांस आणि बटाटे, गाजर, कांदे, वांगी. मग झाकण, झाकणावर घोंगडी आणि त्यावर वाळू. दोनेक तासांनी उकरून बाहेर काढतात, ते बघायला सगळे जमतात.

तुमच्यासाठी महत्त्वाचं : भाज्या त्याच जाळीवर असतात आणि वरच्या मांसाचा रस त्यांवर ठिबकतो. त्यामुळे "भाज्या खा की" असं कोणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका. आदल्या दिवशीच सांगून ठेवलं तर भाज्या वेगळ्या भांड्यात झाकून लावतात, किंवा चुलीवर वेगळ्या करतात. बाकी मसुराचं सूप, हमुस, वांग्याचं मुतब्बल, कोशिंबिरी, भात आणि रोटी असतेच. उपाशी राहायची वेळ येत नाही.

---

भटका_जोशी

नोव्हेंबर म्हणालात म्हणून लिहितोय, आणि हे गांभीर्याने घ्या.

जॉर्डनमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात अचानक पूर येतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मृत समुद्राजवळच्या घळीत शाळेच्या सहलीतली मुलं पुरात वाहून गेली. पुढच्याच महिन्यात पेट्रातून हजारो पर्यटकांना बाहेर काढावं लागलं होतं. उघड्या खडकावर पाणी जिरत नाही, सगळंच्या सगळं घळीत उतरतं. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असंही नाही. लांबच्या डोंगरावर पडला तरी पाणी घळीत येतं, आणि अरुंद घळीत बाजूला व्हायला जागा नसते.

जगात इतरत्रही हेच घडलंय. अमेरिकेतल्या ॲरिझोनात अँटिलोप घळीत १९९७ च्या ऑगस्टमध्ये ११ पर्यटक असेच गेले, पाऊस काही किलोमीटर लांब पडला होता.

तेव्हा वाटाड्या म्हणाला की आज खझाली नको, तर वाद घालू नका. पैसे दिलेत म्हणून हट्ट धरणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना बघून जीव घाबरा होतो.

---

खडकवेडा

भटका_जोशी यांना +१००.

त्याला जोडून : पावसानंतर वालुकाश्मावर चढू नये, ऊन पडून कोरडा दिसला तरी. ओला वालुकाश्म बराच कमकुवत होतो आणि पकड धरलेला तुकडाच हातात येतो. आपल्याकडे सह्याद्रीत बेसॉल्टवर चढायची सवय असलेल्यांनी हे खास लक्षात ठेवावं. तिथला भरवसा इथे चालत नाही.

---

काकूबाई

माझ्या लेकीबरोबर आणि जावयाबरोबर जाऊन आले, माझंही वय तुमच्या सासूबाईंच्या आसपासचं. म्हणून त्यांच्या बाजूने बोलते.

जीपच्या हौद्यात चढणं हे खडकांपेक्षा कठीण आहे हो! पायरी उंच असते. आमच्या ड्रायव्हरने प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं. तुम्ही आधीच सांगून ठेवा. किंवा सासूबाईंना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा, तिथे धूळ कमी आणि धक्केही कमी.

खझालीत सुरुवातीचा भाग मला जमला. पुढे भिंतीला धरून अरुंद कडेवरून जायचं असतं, मधे पाण्याची डबकी असतात, तिथे मी थांबले. थांबले म्हणून काही बिघडलं नाही, सगळ्यात चांगली कोरीव चित्रं तर सुरुवातीलाच आहेत.

लाल वाळूच्या उताराच्या नादी त्यांना लावू नका. पाय आत रुततो, एक पाऊल पुढे तर अर्धं मागे. मुलगा धावत सुटेल, त्याला सोडा आणि तुम्ही दोघी खाली बसून चहा घ्या. चहात मरमिया (सेज नावाच्या झुडपाची सुगंधी पानं) घालतात, आपल्या गवती चहासारखी ती त्यांची सवय. मला फार आवडला. साखर मात्र भरपूर, मधुमेह असेल तर आधी सांगायचं.

---

प्राजक्ता_म

काकू, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "या बाईंना माझा नमस्कार कळव." कळवते.

---

काकूबाई

त्यांनाही माझा नमस्कार. आणि शाल घ्यायला सांगा.

---

अभ्यासू_किडा

कोरीव चित्रांबद्दल थोडं. वादी रम २०११ साली युनेस्कोच्या यादीत आलं, आणि तेही मिश्र वारसा म्हणून, म्हणजे निसर्ग आणि संस्कृती दोन्हींसाठी. असा दुहेरी मान फार थोड्या जागांना मिळालाय. या भागात २५,००० च्या आसपास शिलाचित्रं आणि २०,००० च्या आसपास लेख नोंदलेले आहेत, आणि माणसाच्या वावराच्या खुणा १२,००० वर्षं मागे जातात.

लेखांमध्ये सगळ्यात जास्त थमुदी. त्यातले बरेचसे अगदी साधे आहेत : अमक्याचा मुलगा तमका, एखाद्या देवाची प्रार्थना, उंटाची मालकी. राजांच्या प्रशस्त्या नाहीत, जनावरं घेऊन फिरणाऱ्या माणसांनी लिहिलेलं आहे. वाळवंटातले धनगर लिहीत होते, ही गोष्ट मला त्या कड्यांइतकीच मोठी वाटते.

उंटांचा तांडा पाहायचा असेल तर अनफिशिय्या नावाच्या कड्यावरचं चित्र मागून घ्या. एका मोठ्या सपाट भिंतीवर उंटांची रांगच्या रांग आहे. रम गावाजवळ नबाती लोकांच्या मंदिराचे अवशेषही आहेत, अल्लात देवीचं मंदिर. पेट्रा पाहून येणाऱ्यांनी ते जरूर बघावं, हीच माणसं इथेही होती.

कृपया एक करा. कोरीव कामावर हात फिरवू नका, खडूने किंवा पाण्याने उठाव देऊन फोटो काढू नका. काही ठिकाणी अलीकडच्या लोकांनी शेजारी आपली नावं कोरलेली आहेत. ती पाहून वाईट वाटतं.

---

रानवारा

अवांतर, पण उपयोगी : बहुतेक जीपफेऱ्यांत "लॉरेन्सचा झरा" म्हणून पहिला थांबा असतो. तिथे जे दाखवतात ती अनेकदा अबू ऐना नावाची जागा असते, उतारावर झरा आणि खाली उंटांसाठी पाण्याचं टाकं. टी. ई. लॉरेन्स ("लॉरेन्स ऑफ अरेबिया" म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिश अधिकारी) १९१७ मध्ये या दरीत राहिला होता, आणि ज्या झऱ्याचं वर्णन त्याने केलंय तो ऐन शलाला. नबाती मंदिराच्या मागच्या उतारावर, गावातून थोडं चढून जावं लागतं. वाट चांगली आहे, वरून अख्खं गाव आणि समोरचे कडे दिसतात. खडकवेडांनी सांगितलेली रेघही तिथेच हाताच्या अंतरावर पाहता येते.

---

उंटावरचा_शहाणा

झऱ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दीसीच्या वालुकाश्माखाली जो पाण्याचा साठा आहे तो हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या हवामानातला. आज पडणाऱ्या पावसाने तो भरून निघत नाही. २०१३ पासून तिथून सुमारे ३२५ किलोमीटरची वाहिनी टाकून अम्मानला पाणी नेतात, वर्षाला जवळपास १० कोटी घनमीटर. जॉर्डन जगातल्या सगळ्यात कोरड्या देशांपैकी एक. अम्मानच्या हॉटेलात नळ सोडाल तेव्हा त्यात रमच्या बाजूचं पाणी असू शकतं.

---

समीर_के

हे माहीत नव्हतं. मग वस्त्यांमधल्या अंघोळीच्या पाण्याचा हिशोबही कोणीतरी करायला हवा.

---

निळावंती

करतात काही जण. आमच्या वस्तीत टँकरने पाणी येत होतं आणि यजमानांनी पहिल्याच चहाच्या वेळी सांगितलं होतं, जपून वापरा. मला ते फार बरं वाटलं. वाळवंटात गेल्यावर वाळवंटासारखं राहावं.

---

मुक्ता_पायपीट

धागा उशिरा पाहिला. एक गोष्ट अजून कोणी ठामपणे मांडली नाही म्हणून लिहिते : जीपमधून उतरा!

वादी रमचं क्षेत्र ७०० चौरस किलोमीटरच्या वर आहे. सगळं बघायचं म्हटलं तर दिवसभर गाडीत बसून हाडं खिळखिळी होतील आणि हाती फक्त थांब्यांची यादी लागेल. कित्येक फेऱ्यांत आठ-दहा थांबे दाखवतात : छत्रीसारखा खडक, लहान कमान, मोठी कमान, लॉरेन्सचं घर, सूर्यास्ताची जागा. यादी जितकी लांब तितका प्रत्येक जागी वेळ कमी. वाटाड्याला सरळ सांगा, आम्हाला चारच जागा दाखव, पण दोन ठिकाणी चालव.

माझी पहिली पसंती अबू खशाबा घळ. तळाशी मऊ वाळू, चढ-उतार जवळपास नाही, मध्ये चक्क झाडं. जीप एका तोंडाशी सोडते, वळसा घालून दुसऱ्या तोंडाशी येऊन थांबते. आरामात चाललं तरी पाऊण तासाच्या आत संपते. प्राजक्ता, तुझ्या सासूबाईंना काठी घेऊन जमेल असं मला वाटतं.

आणखी चालायची तयारी असेल तर बर्राह घळ. लांब, रुंद, दोन्हीकडे उंच कडे, दीड-दोन तास तरी लागतात. तिथे आत गेल्यावर गाडीचा आवाज पूर्ण तुटतो. स्वतःच्या चपलांखालची वाळू ऐकू येते, आणि वर कुठे तरी पक्षी. सिनाई गुलाबी फिंच दिसला तर भाग्य, नर गुलाबी असतो आणि तो जॉर्डनचा राष्ट्रीय पक्षी आहे. वसंतात गेलात तर खडकावर निळाशार सरडा दिसतो, विणीच्या काळात नराचा रंग बदलतो.

वाटाड्या गावातलाच घ्या. रम गाव झलाबिया या बेदुइन (वाळवंटातल्या भटक्या) टोळीच्या लोकांचं. त्यांना प्रत्येक घळीचं पाणी, सावली, वाट माहीत असते, आणि पैसा गावात राहतो. अम्मानहून किंवा अकाब्याहून सगळं एकत्र घेतलं तर मधला माणूस मोठा हिस्सा ठेवतो आणि वेळापत्रकही त्याचंच.

---

रानवारा

मुक्ताला शंभर टक्के अनुमोदन. चार थांबे, दोन पायपिटा. यापेक्षा चांगली आखणी नाही.

---

समीर_के

मुक्ता, मला हे पटलं. आम्हाला दहा थांबे दाखवले होते आणि आता आठवायला गेलं तर तीनच आठवतात. मात्र गाडीतून जे अंतर कापलं जातं, त्यातूनच त्या प्रदेशाचा विस्तार कळतो, हेही विसरू नये. उम्म फ्रुथच्या कमानीकडे जाताना दोन डोंगरांमधलं पटांगण उघडतं, तो क्षण मला पायी मिळाला नसता.

---

मुक्ता_पायपीट

मान्य. दोन्ही हवं.

---

हिशोबनीस

पैशाचं कोणी लिहिलं नाही. अम्मानला उतरायच्या आधी जॉर्डन पास (व्हिसा शुल्क आणि प्रवेश तिकिटं एकत्र) ऑनलाइन काढा. पेट्रा एका दिवसाचं असेल तर ७० दिनार, दोन दिवसांचं ७५, तीन दिवसांचं ८०. पेट्राचं एका दिवसाचं तिकीटच ५० दिनार, व्हिसा शुल्क ४०, वादी रम ५. बेरीज ९५. म्हणजे पासात सरळ फायदा. अट एवढीच की देशात किमान तीन रात्री राहायला हवं आणि पास पोचण्याआधी घेतलेला हवा. बारा वर्षांखालच्या मुलांना पेट्रात तिकीट नाही, मुलाचा पारपत्र क्रमांक हाताशी ठेवा.

पासात जीप किंवा मुक्काम धरलेला नाही, ते वेगळं. जीपचा भाव करताना गाडीमागे बोलताय की माणशी, हे आधी स्पष्ट करा. रोख दिनार जवळ ठेवा. एक दिनार साधारण १.४१ अमेरिकी डॉलर, हा दर बांधलेला आहे, त्यामुळे हिशोब फारसा हलत नाही.

शुक्रवार-शनिवार तिथली सुट्टी. सूर्यास्ताच्या जागी तेव्हा गर्दी असते.

---

प्राजक्ता_म

केवढी माहिती दिलीत! ठरलं ते सांगते.

पेट्राहून सकाळी निघून दुपारी जेवून रम गावात. दोनला जीप, गावातल्याच वाटाड्याबरोबर, त्याच्याशी बोलणं झालंय. थांबे : ऐन शलालाची वाट (मी आणि मुलगा, सासूबाई खाली मंदिराजवळ), खझाली, अबू खशाबा आणि सूर्यास्त. त्यानंतर आतल्या लहान वस्तीत मुक्काम, न्हाणीघर जोडलेला तंबू, दिवे दहाला बंद. भाज्या वेगळ्या भांड्यात लावणार म्हणून कबूल केलंय. पाऊस असेल तर घळी रद्द, हेही त्यानेच आपणहून सांगितलं, त्यामुळे माणूस बरा वाटतोय. नवरा मुक्कामाला तयार झाला, रेघेपेक्षा झर्बचं खणणं बघायचंय म्हणून!

मुलाचा एकच प्रश्न उरलाय. कमानीवर चढता येईल का? यूट्यूबवर लोक वर उभे राहिलेले बघितलेत त्याने.

---

भटका_जोशी

कमानी तीन प्रसिद्ध आहेत. लहान कमान गावाच्या दक्षिणेला, चढ सोपा, मुलं जातात. उम्म फ्रुथ त्याहून उंच, एका बाजूने खोबणी आहेत, थोडा उभा चढ. वर जायला त्रास होत नाही, उतरताना पाय कुठे टेकवायचा ते दिसत नाही, तिथे खालून सांगणारा माणूस हवा. वाटाड्या सोबत असेल आणि खडक कोरडा असेल तर अकरा वर्षांच्या मुलाला जमतं, पण कडेला उभं राहून फोटो नको. तिसरी बुर्दा. ती वेगळीच गोष्ट आहे, काही तासांची चढाई, उघडे टप्पे, दोर लागतो. ती या खेपेला नाही.

---

खडकवेडा

मुलाला हेही सांगा की इथल्या अवघड कड्यांवरच्या कित्येक वाटा मुळात बेदुइन शिकाऱ्यांच्या आहेत. रानबकऱ्यांच्या मागे ते दोराशिवाय जेबेल रमवर जात, आणि तो डोंगर १,७०० मीटरच्या वर आहे. १९८४ मध्ये टोनी हॉवर्ड आणि त्याचे ब्रिटिश सोबती इथे आले तेव्हा गावातल्या लोकांनीच त्यांना वाटा दाखवल्या. आज जगभरचे गिर्यारोहक येतात. वाटाड्याला विचारा, त्याच्या आजोबांची एखादी वाट नक्की असेल.

---

मुक्ता_पायपीट

आणि देशातलं सर्वांत उंच शिखर, उम्म अद दामी, १,८५४ मीटर, तेही याच भागात, सौदीच्या सीमेजवळ. दोराची गरज नाही, हवा स्वच्छ असेल तर वरून लाल समुद्र दिसतो. पूर्ण दिवस हवा, म्हणून पुढच्या वेळेसाठी.

---

प्राजक्ता_म

"पुढच्या वेळेसाठी" हे शब्द मुलाने वाचले. आता तो नवऱ्याच्या मागे लागलाय. उम्म फ्रुथ थांब्यांत घातली, खझालीच्या नंतर.

---

काकूबाई

कॉफीचं राहिलंच. वेलची घातलेली, बिनसाखरेची, छोट्या कपात देतात. कप रिकामा झाला की पुन्हा भरतात, पुन्हा भरतात. नको असेल तर कप हातात धरून थोडा हलवायचा, मग समजतात. मला लेकीने सांगितलं तोवर बरीच पोटात गेली होती.

---

सांजवेळ

काकू, मग त्या रात्री तारे भरपूर बघितले असतील :)

---

काकूबाई

बघितले ना! ध्रुव आपल्याकडच्यापेक्षा बराच वर दिसतो तिथून. जावयाने दाखवला.